आधी कुठे, मग कुठे? : माहितीपट महोत्सवांना पाठवताना

माहितीपट करणारे वाचक काही ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. सेन्सॉर सर्टिफिकेट नसेल तर महोत्सव फिल्म घेतात का? यूट्यूबवर टाकून झाली आहे, आता काय करता येईल? दिसेल त्या महोत्सवाला पाठवली, पैसे गेले, कुठूनच होकार नाही, कुठे चुकलं? कुठे पाठवायचं याची यादी बहुतेकांकडे तयार असते. कशाच्या आधी काय करायचं, हे मात्र ठरवलेलं नसतं. महोत्सवांच्या व्यवहारात या क्रमाला फार किंमत आहे. त्यातल्या काही गोष्टी एकदाच करता येतात आणि चुकीच्या वेळी केल्या तर नंतर पैसे ओतूनही निस्तरता येत नाहीत. म्हणून हा लेख यादीपेक्षा क्रमाबद्दल जास्त बोलतो.

पाठवण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे का?

हा प्रश्न विचारला की दिग्दर्शक दुखावतात, पण तो आधी सोडवून टाका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. तुम्ही स्वतःच्या पैशाने फिल्म केली असेल तर प्रश्न मिटला. पण एखाद्या सामाजिक संस्थेने, ट्रस्टने किंवा वाहिनीने ती करून घेतली असेल, तर करारात वेगळं काही लिहिलेलं नसल्यास हक्क त्यांचे. अशा वेळी ‘महोत्सवांना पाठवण्यास व पुरस्काराची रक्कम दिग्दर्शकाने स्वीकारण्यास हरकत नाही’ एवढ्या दोन ओळी लेटरहेडवर घेऊन ठेवा. रकमेचा उल्लेख विसरू नका. बक्षीस लागल्यावर ही चर्चा फार अवघड होते.

विद्यार्थ्यांच्या फिल्मचे हक्क बहुतेक चित्रपटशिक्षण संस्था स्वतःकडे ठेवतात. परस्पर अर्ज करण्यापूर्वी संस्थेची पद्धत विचारा. काही ठिकाणी प्रवेशिका संस्थेमार्फतच जाते. दोघा-तिघा मित्रांनी मिळून फिल्म केली असेल, तर अर्जावर सही कोण करणार हे एका कागदावर लिहा. मैत्रीवर अविश्वास दाखवल्यासारखं वाटेल, वाटू द्या.

प्रीमियर एकदाच होतो

फिल्मचं जगातलं पहिलं जाहीर प्रदर्शन म्हणजे जागतिक प्रीमियर. ज्या देशात ती तयार झाली त्याच्या बाहेरचं पहिलं प्रदर्शन म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रीमियर. त्यापुढे आशियाई, भारतीय अशा पायऱ्या आहेत. ॲमस्टरडॅमचा इडफा, बर्लिन यांसारखे महोत्सव आपल्या मुख्य विभागांसाठी हा दर्जा तपासतात. अर्जातला ‘प्रीमियर स्टेटस’ हा रकाना त्यासाठीच असतो. तिथे खोटं लिहू नका. कार्यक्रम आखणारी माणसं एकमेकांना ओळखतात, आणि शोधायला तर दोन मिनिटंही लागत नाहीत.

साधारणपणे प्रीमियर कशाने जातो?

- यूट्यूबवर किंवा कुठल्याही ओटीटीवर सर्वांसाठी खुली केल्याने, मग ती एकाच दिवसापुरती का असेना
- टीव्हीवर दाखवल्याने
- सभागृहात तिकीट लावून किंवा वर्तमानपत्रात जाहिरात देऊन खेळ केल्याने
- कोणालाही माहीत नसलेल्या ऑनलाइन महोत्सवात ‘निवड’ होऊन फिल्म दाखवली गेल्याने

कशाने जात नाही? मोजक्या लोकांना दाखवलेला कच्चा कट, ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांच्यासाठी ठेवलेला खासगी खेळ, पासवर्ड घातलेली लिंक, निधी मिळवण्यासाठी एखाद्या पिचिंग फोरममध्ये दाखवलेला तुकडा. यूट्यूबवर ट्रेलर ठेवायलाही हरकत नाही.

महाराष्ट्रातच घडणाऱ्या तीन फिल्म्स पाहा. तंबूतल्या फिरत्या सिनेमावरची शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांची ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ २०१६ मध्ये आधी कानला गेली. मुंबईतल्या दोन कोळी मित्रांवरची सर्वनिक कौर यांची ‘अगेन्स्ट द टाइड’ २०२३ मध्ये सनडान्सला होती आणि तिथे तिला ज्युरीचा विशेष पुरस्कार मिळाला. शेतकऱ्यांच्या विधवांवरची किंशुक सुरजन यांची ‘मार्चिंग इन द डार्क’ २०२४ मध्ये कोपनहेगनच्या सीपीएच-डॉक्समध्ये पहिल्यांदा दिसली. तिन्हींचा पहिला पडदा विचार करून निवडलेला होता.

पण यावरून प्रत्येकाने वर्षभर फिल्म दाबून ठेवून सनडान्सची वाट पाहावी, असा अर्थ काढू नका. तुमची ४० मिनिटांची फिल्म पाणलोटाच्या कामाबद्दल असेल आणि ती गावोगावी दाखवली जावी अशी तुमची इच्छा असेल, तर प्रीमियर राखून ठेवण्यात काही हशील नाही. आनंद पटवर्धनांची ‘जय भीम कॉम्रेड’ वस्त्यांमधून दाखवली गेली आणि २०१२ च्या मुंबई महोत्सवातही गेली. स्वतःला एवढंच विचारा: ही फिल्म सर्वांत आधी कोणी पाहायला हवी? उत्तर प्रामाणिक असेल तर अर्धी यादी आपोआप गळून पडते.

यादी कशी करावी

भारतात माहितीपटांसाठी दोन मोठी ठिकाणं आहेत. एक मुंबईचा मिफ. १९९० पासून चाललेला हा महोत्सव दोन वर्षांतून एकदा, सम वर्षी होतो; आधी तो फिल्म्स डिव्हिजन भरवत असे, आता एनएफडीसी भरवते. दुसरा केरळ चलच्चित्र अकादमीचा तिरुवनंतपुरमचा माहितीपट व लघुपट महोत्सव. गोव्याच्या इफ्फीतल्या ‘इंडियन पॅनोरमा’मध्ये नॉन-फीचर विभाग आहे, तिथे साधारण २० फिल्म्स निवडल्या जातात. धरमशालेचा महोत्सव आणि काठमांडूचा ‘फिल्म साउथएशिया’ छोटे आहेत, पण तिथला प्रेक्षक माहितीपट आवडीने पाहतो. विषयाला वाहिलेले महोत्सव कमी लेखू नका. पर्यावरणासाठी पुण्याचा किर्लोस्कर वसुंधरा आहे, एलजीबीटी विषयांसाठी मुंबईचा कशिश आहे. योग्य विषयाच्या महोत्सवात फिल्मला जी चर्चा मिळते, ती मोठ्या महोत्सवात सकाळी अकराच्या खेळाला मिळत नाही.

परदेशातलं वर्ष ढोबळमानाने असं असतं: मार्चमध्ये कोपनहेगन, एप्रिलमध्ये स्वित्झर्लंडमधल्या न्याँचा ‘विजन द्यू रेएल’, एप्रिल-मे दरम्यान टोरांटोचा हॉट डॉक्स, जूनमध्ये शेफिल्ड, ऑक्टोबरमध्ये जपानचं यामागाता (तेही विषम वर्षीच), ऑक्टोबरच्या अखेरीला लाइपझिग, नोव्हेंबरमध्ये इडफा. प्रवेशिकेची मुदत महोत्सवाच्या कित्येक महिने आधी संपते. म्हणजे फिल्म दिवाळीत पूर्ण होणार असेल, तर त्याच वर्षीच्या इडफाचा विचार डोक्यातून काढा आणि पुढच्या वसंतातले महोत्सव पाहा.

निवडलेल्या प्रत्येक महोत्सवाच्या मागच्या दोन वर्षांच्या कार्यक्रमपत्रिका वाचा. तुमच्या फिल्मसारखी एकही फिल्म तिथे दिसत नसेल तर प्रवेश फी वाचवा. पहिल्या फळीत चार-पाच, दुसऱ्या फळीत सात-आठ नावं पुरतात. पहिल्या फळीचे निकाल येईपर्यंत दुसरीतल्या लहान महोत्सवांचा होकार स्वीकारायचा नाही, एवढा संयम मात्र ठेवावा लागतो.

हे महोत्सव नव्हेत

फिल्मफ्रीवेसारख्या संकेतस्थळांवर हजारो महोत्सव आहेत. त्यांतले कित्येक फक्त लॉरेल, म्हणजे पोस्टरवर छापायची पानांची चिन्हं, वाटतात. ते ओळखण्याच्या खुणा:

- दर महिन्याला किंवा दर तिमाहीला ‘एडिशन’
- सभागृहाचा पत्ता नाही, मागच्या खेळांचे फोटो नाहीत, निवड समितीची नावं नाहीत
- शंभराच्या आसपास पुरस्कार विभाग
- पुरस्कार मिळाल्यावर ट्रॉफीसाठी आणि सर्टिफिकेटसाठी वेगळे पैसे
- तुम्ही न पाठवताच आलेली ‘आम्हाला तुमची फिल्म आवडली’ अशी मेल, आणि खाली सवलतीचा कोड

पोस्टरवर अशी पंधरा पानं चिकटवलेली पाहून गावाकडे कौतुक होईल. पण ज्याला या व्यवहाराची माहिती आहे तो ती पाहून फिल्मविषयी आधीच मत बनवतो. तेव्हा ही पानं नसलेलीच बरी.

सेन्सॉर सर्टिफिकेट: कधी लागतं, कधी नाही

सर्वांत जास्त गोंधळ इथे आहे. भारतात जाहीर प्रदर्शनासाठी सीबीएफसीचं, म्हणजे केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं, प्रमाणपत्र लागतं, माहितीपटालाही. पण महोत्सवांसाठी माहिती व प्रसारण मंत्रालय सूट देऊ शकतं, आणि ती सूट महोत्सवाचे आयोजक मागतात, तुम्ही नाही. तुमच्याकडून ते फिल्मचा तपशील आणि सारांश घेतात. त्यामुळे ‘प्रमाणपत्र नाही म्हणून पाठवलीच नाही’ असं करू नका. नियमावली पाहा, सूट घेणारे महोत्सव तसं लिहितात. परदेशी महोत्सवांना तर आपल्या प्रमाणपत्राशी देणंघेणं नसतं.

ही सूट मात्र गृहीत धरता येत नाही. २०१७ मध्ये केरळच्या महोत्सवात तीन माहितीपटांना मंत्रालयाने ती नाकारली. त्यांचे विषय होते रोहित वेमुला, काश्मीर आणि जेएनयू. २०१९ मध्ये पटवर्धनांच्या ‘विवेक’ला तिथेच अडवलं गेलं, तेव्हा केरळ उच्च न्यायालयाने प्रदर्शनाला परवानगी दिली. त्याआधीच्या वर्षी याच फिल्मला इडफामध्ये सर्वोत्कृष्ट पूर्ण लांबीच्या माहितीपटाचा पुरस्कार मिळालेला होता. जुन्या मंडळींना मिफचा २००४ चा प्रसंग आठवेल. भारतीय फिल्म्सना प्रमाणपत्र सक्तीचं केल्यावर माहितीपटकार एकत्र आले आणि अट मागे घ्यावी लागली. पण मग बऱ्याच फिल्म्स निवडीतच गळल्या, तेव्हा त्यांनी मुंबईत ‘विकल्प’ नावाचा समांतर महोत्सव भरवला. तुमचा विषय राजकीय असेल तर भारतातला पहिला खेळ आयत्या वेळी रद्द होऊ शकतो हे धरून चाला, आणि परदेशातला प्रीमियर आधी ठेवण्याचा विचार करा.

प्रमाणपत्र केव्हा घ्यावंच लागतं? राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांसाठी. तिथे फिल्म कधी पूर्ण झाली यापेक्षा प्रमाणपत्रावरची तारीख महत्त्वाची असते; १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळातली. डिसेंबरात अर्ज करून जानेवारीत प्रमाणपत्र हाती आलं की तुम्ही पुढच्या वर्षीच्या यादीत गेलात. आणि एकदा प्रमाणपत्र घेतलं की त्यानंतर केलेला बदल मंडळाला कळवावा लागतो. म्हणून परदेशी महोत्सवाच्या सूचनेवरून आणखी दहा मिनिटं कापायची शक्यता असेल, तर प्रमाणपत्राची घाई करू नका. ही दोन कारणं उलट दिशांना ओढतात. तुम्हाला काय हवं आहे, ते तुम्हीच ठरवा.

गाणी, जुनं फूटेज, माणसं

अर्जावर तुम्ही ‘सर्व हक्क माझ्याकडे आहेत’ असं लिहून देता. ते खरं आहे का, हे निवड होण्याआधीच पाहा.

वरातीत डीजेवर वाजणारं हिंदी गाणं तुम्ही लावलेलं नसतं, पण तुमच्या साउंडट्रॅकवर ते असतं. त्यात गीत-संगीताचा हक्क वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा. फक्त महोत्सवांपुरता परवाना मागता येतो आणि तो सर्व माध्यमांसाठीच्या परवान्यापेक्षा स्वस्त पडतो. परवडत नसेल तर मिक्सिंगच्या वेळीच तो आवाज काढून दुसरं काही बसवा. शाहीर, वासुदेव, गोंधळी यांच्याकडून गाणं चित्रित केलं असेल तर ‘लोककला आहे, कोणाचीच नाही’ असं म्हणून पुढे जाऊ नका. रचना त्या माणसाची असू शकते. लेखी संमती, मानधन आणि श्रेयनामावलीत नाव, या तिन्ही गोष्टी द्या. जुन्या फूटेजसाठी पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. पण तिथे प्रत मिळणं आणि ती वापरण्याचा हक्क मिळणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

कॅमेऱ्यासमोरच्या माणसांची संमती मराठीत, त्यांना वाचता येईल अशा भाषेत घ्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा आणि तेही चित्रित करा. त्यात ‘महोत्सव, टीव्ही, इंटरनेट’ असे शब्द स्पष्ट हवेत. लैंगिक अत्याचारातल्या पीडितांची आणि पोक्सो कायद्याखालच्या प्रकरणांतल्या मुलांची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. चेहरा धूसर केला आणि शाळेची पाटी दिसत राहिली, तरी ओळख पटतेच.

आणि पहिल्या जाहीर खेळाआधी फिल्म त्यांना दाखवा. ‘खबर लहरिया’ या स्त्रियांनी चालवलेल्या वृत्तसंस्थेवरची ‘रायटिंग विथ फायर’ ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचली, आणि २०२२ मध्ये नेमक्या त्याच वेळी खबर लहरियाने जाहीर निवेदन काढून आपलं चित्रण अपुरं असल्याचं म्हटलं. कोणाचं बरोबर, हा वाद इथे नको. पण असं मतभेदाचं बोलणं पुरस्काराच्या आठवड्यापेक्षा संकलनाच्या टेबलावर झालेलं बरं.

सबटायटल्स आणि स्क्रीनर

निवड समितीतला माणूस तुमची फिल्म वाचतो, हे लक्षात ठेवा. सबटायटल्स शेवटच्या रात्री ॲपवर करून टाकू नका.

- एका वेळी दोनच ओळी, प्रत्येकी साधारण ४० अक्षरांपर्यंत.
- मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी बोलणं त्या भागातल्या माणसाकडून आधी उतरवून घ्या, मग इंग्रजी करा.
- मराठी अजिबात न कळणाऱ्या एका व्यक्तीला पूर्ण फिल्म दाखवा. ती जिथे थांबवून विचारेल तिथे दुरुस्ती.
- स्क्रीनरमध्ये सबटायटल्स चित्रावरच उमटवा. पण सबटायटल्स नसलेली स्वच्छ प्रत, वेगळी एसआरटी फाइल आणि संवादांची पूर्ण यादी जपून ठेवा. फ्रान्स किंवा जपानमधला महोत्सव ती मागेल.

स्क्रीनरसाठी व्हिमिओची पासवर्ड घातलेली लिंक चालते. निकाल लागेपर्यंत पासवर्ड बदलू नका, वर्गणी संपू देऊ नका. आकडे उघडून ‘नॉर्वेतून कोणीतरी अकरा मिनिटं पाहिली’ असे निष्कर्ष काढत बसू नका. काही जण डाउनलोड करून पाहतात, काही समितीत एकत्र. संगीत किंवा रंगसंस्करण बाकी असेल तर तसं अर्जात एका ओळीत लिहा. कच्चा कट बऱ्याच ठिकाणी चालतो, पण कट एकदाच पाहिला जातो. दोन महिन्यांनी सुधारलेली प्रत पाठवली तर ती कोणी पुन्हा पाहील, या भरवशावर राहू नका.

अर्जातला मजकूर

एक ओळ, मग ५० शब्द, मग १५० शब्द, असे तीन सारांश तयार ठेवा. त्यात कोण, कुठे, काय करतंय हे सांगा. ‘मानवी जिद्दीची हृदयस्पर्शी कहाणी’ असं लिहिलं तर काहीच सांगितलं नाही. दिग्दर्शकाचं मनोगत अर्ध्या पानाचं पुरे. त्या माणसांपर्यंत तुम्ही कसे पोचलात आणि किती काळ तिथे होतात हे त्यात यावं. फोटो चित्रीकरणस्थळीचे तुमचे नकोत, फिल्ममधल्या दृश्यांचे हवेत. दोन-तीनच, पण मोठ्या आकाराचे.

फी आणि सवलत

प्रवेशिकेचे दर टप्प्याटप्प्याने वाढतात, म्हणून पहिल्याच मुदतीत पाठवा. नकार आला तरी पैसे परत मिळत नाहीत. डॉलर-युरोत पैसे भरताना बँक वर आणखी आकार लावते, तोही हिशेबात धरा. फीमाफी मागण्यात कमीपणा नाही, पण ती अर्ज भरण्याआधी मागायची: चार ओळींची मेल, फिल्मची लिंक, आणि ‘स्वखर्चाने केलेली भारतीय भाषेतली फिल्म’ हे कारण. मोठे महोत्सव बहुधा नाही म्हणतात. मधले बऱ्याचदा हो म्हणतात.

होकार आल्यावर

पहिली गोष्ट: कोणाला सांगू नका. महोत्सव स्वतः यादी जाहीर करेपर्यंत ही बातमी गुप्त ठेवण्याची अट बहुतेक पत्रांत असते. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली बातमी संध्याकाळपर्यंत स्थानिक दैनिकात छापून येते.

मग करार वाचा आणि पुढची उत्तरं लेखी घ्या.

- किती खेळ होणार? ऑनलाइन दाखवणार असतील तर कोणत्या देशात, किती दिवस, किती प्रेक्षकांना?
- प्रसिद्धीसाठी किती मिनिटांचा तुकडा वापरणार?
- प्रत संग्रहात ठेवणार असतील तर ती पुढे दाखवण्याआधी तुम्हाला विचारणार का?
- खेळाचं मानधन आहे का? स्पर्धेबाहेरच्या विभागात ते बऱ्याचदा मिळतं, पण मागावं लागतं.
- प्रवास आणि राहण्याचा खर्च कोणाचा? व्हिसासाठीचं निमंत्रणपत्र केव्हा मिळेल?

फिल्म कायमची दाखवण्याचा किंवा इतरांना देण्याचा हक्क मागणारं कलम दिसलं, तर ते खोडून मगच सही करा. ऐकत नसतील तर तो महोत्सव सोडा.

थिएटरसाठी डीसीपी (डिजिटल सिनेमा पॅकेज) लागते. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने बहुतेक चित्रीकरण सेकंदाला २५ फ्रेम्सनी होतं, आणि अनेक प्रोजेक्टर २४ फ्रेम्सची डीसीपी मागतात. २५ ची २४ करताना फिल्म साधारण ४ टक्के संथ होते आणि आवाजाची पट्टी उतरते. ती लॅबकडून दुरुस्त करून घ्या, आणि कोणती फ्रेम-संख्या हवी ते महोत्सवाला आधीच विचारा. कुलूप नसलेली, म्हणजे एन्क्रिप्ट न केलेली, डीसीपी पाठवली की चावीच्या भानगडी टळतात. पाठवण्याआधी एखाद्या थिएटरमध्ये सकाळच्या मोकळ्या वेळात पूर्ण चालवून पाहा. लॅपटॉपवर बरोबर दिसणारी सबटायटल्स पडद्याच्या कडेला कापली गेल्याचं तिथेच कळतं.

नकार आल्यावर

नकाराची मेल बहुधा एकाच साच्यातली असते आणि कारण देत नाही. तिला उत्तर देऊन कारण विचारू नका. पहिल्या फळीतून सगळीकडून नकार आला तर फिल्म वाईट आहे असं सिद्ध होत नाही. दुसऱ्या फळीला पाठवण्याची वेळ आली, एवढाच त्याचा अर्थ. मात्र दोन्ही फळ्यांतून काहीच आलं नाही, तर आणखी वीस महोत्सवांची फी भरण्याआधी ती रक्कम घेऊन पुन्हा संकलकाकडे जा.

या लेखात सांगितलेल्या मुदती, अटी आणि विभाग महोत्सव दरवर्षी बदलतात. पैसे भरण्याआधी त्या वर्षीची नियमावली, बारीक अक्षरांतल्या शेवटच्या पानासह, स्वतः वाचा.